‘अल्पशा आजारा’चं खरं नाव

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही पेपरातलं निधनवार्तांचं पान उघडा. ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’ हे चार शब्द तिथं रोज सापडतील. त्या घरी भेटायला गेलात की कहाणीही साधारण एकच ऐकू येते. न्यूमोनिया झाला होता, किंवा लघवीचं इन्फेक्शन होतं, किंवा शुगरच्या पायाला जखम होती. चार दिवस बरे होते, आणि मग एका रात्रीत काय झालं कळलंच नाही. बीपी लागेना, किडनी बंद पडली, डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन रक्तात पसरलं.

या ‘रक्तात पसरलं’ला एक नाव आहे. सेप्सिस. २०१२ पासून दर वर्षी १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन पाळतात. आपल्याकडे त्या सुमाराला बहुधा गणपतींची गडबड असते, त्यामुळे कुणाचं लक्ष जायचं काही कारण नाही. माझंही कधी गेलं नव्हतं.

मला हा शब्द आप्पांमुळे कळला. आप्पा म्हणजे माझे मोठे काका. यावल तालुक्यात केळीची बाग, वय ७१, बारा वर्षांची शुगर. मे महिना होता, पारा ४५ च्या आसपास. दोन दिवस लघवीला जळजळ आणि अंगात कसकस. तिसऱ्या दिवशी सकाळपासून ते काहीबाही बोलायला लागले. बैलांना हाका मारायचे, आणि बैल विकून आमच्याकडे दहा वर्षं झाली होती. मध्येच एकदा नीट माझ्याकडे बघून म्हणाले, “माले काही सुधरस नही.” आम्ही म्हटलं, ऊन लागलं. तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, गावातच एक सलाईन लावून घेतली. संध्याकाळी हातपाय गार पडले तेव्हा ताप उतरला म्हणून आम्हाला उलट बरं वाटलं. गाडी काढली ती रात्री दोनला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “यांना शेवटची लघवी कधी झाली?” घरात अकरा माणसं, पण एकालाही सांगता आलं नाही. आप्पा तिसऱ्या दिवशी गेले. पेपरात आम्हीच छापून आणलं, ‘अल्पशा आजाराने’.

‘सेप्टिक’ वेगळं, सेप्सिस वेगळं

आपल्या बोलण्यात ‘सेप्टिक झालं’ हा शब्द जुना आहे. काटा रुतला, पू धरला, की सेप्टिक झालं. ती एका जागेची गोष्ट. सेप्सिस त्या जागेची गोष्ट राहत नाही.

डॉक्टरमंडळींनी २०१६ मध्ये याची व्याख्या नव्यानं ठरवली. तिचा सरळ अर्थ असा की जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराचा स्वतःचाच प्रतिकार ताळतंत्र सोडतो आणि त्यात शरीराचे अवयव निकामी होऊ लागतात, जिवावर बेतेल इतके. म्हणजे रक्तात जंतू पोहत असलेच पाहिजेत असं नाही. पुष्कळ रुग्णांच्या रक्तात तपासणीत जंतू सापडतही नाहीत. नुकसान जंतू करतात त्याहून जास्त आपलीच फौज करते. गावात चोर शिरला म्हणून सगळा गाव टेंभे पेटवून धावला आणि चोर राहिला बाजूला, कडब्याच्या गंजी मात्र पेटल्या, असा तो प्रकार.

आणि हा चोर कुठूनही शिरतो. फुप्फुसातून (म्हणजे न्यूमोनिया), लघवीच्या मार्गातून, पोटातून, कातडीवरच्या जखमेतून. त्यामुळे ‘अंगावर साधा ओरखडा नाही, मग इन्फेक्शन कसलं’ हा प्रश्नच चुकीचा. बहुतेक वेळा जंतू हे बॅक्टेरिया असतात, पण डेंग्यू-कोरोनासारखे विषाणू, मलेरियाचे परजीवी आणि बुरशी यांच्यामुळेही गाडी याच रस्त्यानं जाऊ शकते.

ठिबकची लाइन डोळ्यांपुढे आणा

शरीरात नेमकं काय बिघडतं, हे मला ठिबकवरून कळलं आणि खानदेशात ठिबक कुणाला शिकवायला नको. विहिरीवर मोटर, पुढं फिल्टर, मेनलाइन, सबमेन, मग ओळीओळीनं पसरलेल्या नळ्या आणि झाडाझाडापाशी ड्रिपर. लाइनीत प्रेशर नीट असेल तर शेवटच्या केळीलाही मोटरीजवळच्या केळीइतकंच पाणी मिळतं. शरीरात मोटर म्हणजे हृदय, नळ्या म्हणजे रक्तवाहिन्या, आणि झाडं म्हणजे मेंदू, किडनी, यकृत वगैरे.

आता समजा, एका रात्रीत सगळ्या नळ्या सैल पडून रुंद झाल्या. पाणी तेवढंच, पण प्रेशर गेलं. त्यात खारींनी जागोजाग नळ्या कुरतडल्या, म्हणजे पाणी मुळाशी जायच्या ऐवजी सरीतच पाझरू लागलं. आणि त्यावर कहर म्हणजे ड्रिपर चोक झाले. सेप्सिसमध्ये हे तिन्ही एकदम होतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्यातून पाणी आजूबाजूला झिरपतं आणि बारीक वाहिन्यांत रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्या अडकतात.

मोटर बिचारी जोर लावते. म्हणून नाडी पळते. तरी शेवटची झाडं सुकतातच. मग शरीर धन्यासारखं वागतं. कडेच्या ओळींचे व्हॉल्व्ह बंद करून मधली झाडं जगवायला बघतं. हातपाय गार पडतात ते त्यामुळे. आम्ही ज्याला ‘ताप उतरला’ म्हणालो, ते हे व्हॉल्व्ह बंद होणं होतं. किडनीला रक्त कमी पडलं की लघवी आटते. मेंदूला कमी पडलं की माणूस बरळतो, नाहीतर गुंगीत जातो. ऑक्सिजनविना पेशी कसंबसं काम चालवतात तेव्हा रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं, आणि ते आम्ल निस्तरायला शरीर श्वासाचा वेग वाढवतं. छातीत काही नसलेला माणूसही सेप्सिसमध्ये धापा टाकतो, याचं हे एक मोठं कारण.

एवढ्या पाणी-पंपाच्या हिशेबात पुढची बरीचशी लक्षणं आणि बरेचसे उपचार बसतात.

हा आजार मोजला तर केवढा

जगभराचा अंदाज जानेवारी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०१७ या एका वर्षात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात दगावले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी साधारण एक. रुग्णांपैकी सुमारे दोन कोटी ही पाच वर्षांखालची मुलं. आणि बहुतेक बोजा आपल्यासारख्या देशांवर. २०१७ च्याच मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेनं ठराव करून सगळ्या देशांना सांगितलं होतं की सेप्सिसकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून बघा. तरी दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं जातं, मलेरिया लिहिलं जातं, आणि पेपरात ‘अल्पसा आजार’.

घरच्या माणसाला आधी काय दिसतं

डॉक्टर रुग्णाला दहा मिनिटं बघतो, घरचे चोवीस तास बघतात. म्हणून तीन गोष्टी घरानंच बघायच्या. बोलणं, श्वास आणि लघवी.

बोलणं म्हणजे माणूस नेहमीसारखा आहे का? नातवाचं नाव विसरला, वार चुकला, जीभ जड झाली, हाक मारली तर उशिरा ओ देतो, नुसता पडून राहतो. तापात माणूस कण्हतो, चिडतो, ते वेगळं. इथं माणूस ‘आपला’ वाटेनासा होतो. म्हाताऱ्या माणसात कित्येकदा हे पहिलं लक्षण असतं, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही यालाच होतं.

श्वास मोजायला काही लागत नाही. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. रुग्णाला सांगू नका, सांगितलं की माणूस श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा शांत असताना मिनिटाला १२ ते २० असतो. २२ किंवा त्याहून जास्त भरला आणि सोबत ताप किंवा इन्फेक्शन असेल तर जागं व्हा. लहान मुलांचे आकडे वेगळे. दोन महिन्यांपर्यंत ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. त्याला टेकला किंवा पुढं गेला तर दवाखाना. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर सेल बदलून तोही वापरा.

लघवीचा हिशेब घरातल्या एकानं अंगावर घ्यायचा. सकाळपासून रात्र झाली तरी थेंब नाही, किंवा झाली ती थोडी आणि गडद, तर ‘पाणी कमी प्यायले असतील’ म्हणून सोडायचं नाही.

याशिवाय दात वाजतील अशी हुडहुडी, आजवर कधी नव्हत्या अशा अंगदुखीच्या कळा, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी, कातडीवर जाळीसारखे निळसर-जांभळे चट्टे. आपल्या सावळ्या रंगावर चट्टे पटकन दिसत नाहीत, म्हणून ओठ, जीभ, तळहात, तळपाय, नखं बघा. नख दाबून सोडलं की रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. आणि एक गोष्ट यंत्रात कधीच दिसत नाही. माणूस स्वतःच म्हणतो, मी यातून उठत नाही. आपण त्याला दटावतो, ‘असं अभद्र बोलू नये.’ ब्रिटनमध्ये सेप्सिसची जी लक्षणं लोकांना पाठ करायला देतात, त्यांत ‘आपण मरतोय असं वाटणं’ हे लक्षण म्हणून लिहिलेलं आहे. दटावू नका, गाडी काढा.

‘पण ताप तर नव्हता’

नसतोही. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना सेप्सिसमध्ये ताप चढण्याऐवजी अंग थंड पडू शकतं. ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेलं तापमान हे ३९ इतकंच वाईट समजायचं, काही वेळा जास्तच. आणि पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, सेप्सिस नाही.

‘ऊन लागलं असेल’, ‘बाहेरचं असेल’

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ही गफलत होणारच. उष्माघातातही माणूस बरळतो, नाडी पळते, लघवी कमी होते. घरी बसून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत आणि ओळखायची गरजही नाही, कारण बरळणारा माणूस दोन्हीत तातडीनं दवाखान्यातच न्यायचा असतो. अंग ओलं करा, पण चाकावर असताना.

‘बाहेरची बाधा’ हा दुसरा समज. धडधाकट माणूस अचानक नसलेल्या लोकांशी बोलायला लागला तर पूर्वजांना दुसरं काय सुचणार होतं? मी यात कुणाला हसत नाही, मी स्वतः कांदा चोळत बसलो होतो. सातपुड्यात भगताचा शब्द मोठा असतो, त्याच्यावर लोकांचा जीव असतो. तेव्हा भगताला बोलवायचंच असेल तर १०८ ला फोन लावून झाल्यावर बोलवा. धडगाव-अक्कलकुव्याच्या काही पाड्यांवरून रुग्णाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. त्या लोकांचे दोन-तीन तास तिथंच जातात. त्यांना तर अंगारा-दोऱ्यात सकाळ घालवणं अजिबातच परवडत नाही.

‘एक सलाईन लावली की तरतरी येते’

येते. लाइनीत दोन बादल्या पाणी ओतलं तर पहिल्या चार झाडांना ओल येतेच. पण खारी तशाच, चोक झालेले ड्रिपर तसेच. सेप्सिसमध्ये बीपी पडलं असेल तर पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिली द्रव द्यावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ६० किलोच्या माणसाला हिशेब होतो १,८०० मिलीचा, म्हणजे अर्ध्या लिटरच्या जवळपास चार बाटल्या, तेही हृदय-किडनी-फुप्फुसं झेपतात का बघत बघत. खाटेवर दिवसभर ठिबकणारी एक बाटली त्याच्या जवळपासही जात नाही. तिचा खरा तोटा वेगळाच आहे. ती लावली की घर निर्धास्त होतं.

‘मग ताप आला की अँटिबायोटिक सुरूच करून टाकू’

हा सगळ्यात महागात पडणारा निष्कर्ष. व्हायरल तापावर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य, आणि मेडिकलवरून आपल्या मनानं आणून उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू त्या औषधाला सरावतात. मग खरोखर सेप्सिस होतो तेव्हा दवाखान्यातलं पहिलं औषध लागू पडत नाही, दुसरं शोधावं लागतं, आणि मध्ये तास जातात. साध्या तापाला धीर धरायचा आणि वर सांगितलेली चिन्हं दिसली की अजिबात धीर धरायचा नाही. दोन्ही एकाच माणसाला जमवावं लागतं, ही यातली अवघड गोष्ट आहे खरी.

ज्यांच्या बाबतीत थोडं आधीच घाबरावं

शुगरवाले, साठी-पासष्टीच्या पुढचे, डायलिसिसवरचे, केमोथेरपी चालू असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले. ही यादी सगळीकडे सारखीच. खानदेशात तिच्यात एक नाव ठळक लिहायला हवं, ते सिकलसेलचं. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. विळ्यासारख्या आकाराच्या तांबड्या पेशी प्लीहेत अडकून अडकून ती लहानपणीच निकामी करतात. आणि रक्तातले काही जंतू गाळून काढायचं काम प्लीहेचं. म्हणजे ठिबकचा फिल्टरच गेला. अशा मुलाला ताप आला तर उद्या सकाळ ही वेळ नाही. सिकलसेलच्या तपासणीनंतर मिळालेलं कार्ड लाल आहे की पिवळं, आणि त्याचा अर्थ काय, ते विचारून ठेवा. नुसता वाहक असेल तर ही भीती नाही, प्रत्यक्ष आजार असेल तर आहे. न्यूमोकॉकसची लस आणि लहानपणी पेनिसिलिन याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.

बाळंतीण दुसरी. सव्वा महिना सरेपर्यंत ताप, ओटीपोटात दुखणं किंवा घाण वासाचा स्राव याला ‘अंग भरलं असेल’ म्हणायचं नाही.

आणि तान्हं बाळ. बाळ कण्हत नाही, सांगत नाही. ते नुसतं दूध ओढायचं थांबतं, ढिलं पडतं, गार लागतं. याबाबतीत अख्ख्या जगाला धडा मिळाला तो आपल्याच महाराष्ट्रातून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांतल्या बायकांना बाळाचा सेप्सिस ओळखायला आणि घरीच औषध द्यायला शिकवलं. डिसेंबर १९९९ मध्ये त्याचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात फेऱ्या मारते, त्या योजनेचं मूळ या कामात आहे. तिला दारातून ‘सगळं बरं शे’ म्हणून परत पाठवू नका, बाळ उघडून दाखवा.

दवाखान्यात गेल्यावर

‘डॉक्टर उगाच आयसीयूत टाकतात’ ही शंका मी खोटी म्हणणार नाही; शंका यावी अशी बिलं मीही पाहिली आहेत. पण सेप्सिसच्या बाबतीत पहिल्या तासात घाई करणारा डॉक्टर बरोबर असतो. बीपी पडलं असेल तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असा नियम आहे. त्याआधी शक्यतो कल्चरसाठी, म्हणजे जंतू कुठला ते तपासण्यासाठी, रक्त काढतात. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून अंदाजानं औषध सुरू करून रिपोर्ट आल्यावर बदलतात. ‘आधी रिपोर्ट येऊ द्या’ म्हणून अडवायचं नाही. सेप्सिस आहे की नाही हे सांगणारी एकच एक तपासणी नाही. लॅक्टेट, क्रिएटिनिन, प्लेटलेट, बिलिरुबिन अशा आकड्यांवरून मिळून चित्र उभं राहतं. सलाईननं प्रेशर येईना तर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन लावतात, ते सैल पडलेल्या नळ्या आवळतं. कुठं पू साठला असेल, मुतखड्यानं वाट अडली असेल, तर ते मोकळं केल्याशिवाय औषध एकटं पुरं पडत नाही.

तुम्ही एवढंच करा. नम्रपणे विचारा, “डॉक्टर, हे सेप्सिस असू शकेल का?” आणि तीन गोष्टी सांगा. लक्षणं कधीपासून, कुठली औषधं दिली, लघवी शेवटची कधी. दवाखाना लहान असेल तर ‘जळगावला किंवा धुळ्याला न्यायचं असेल तर आत्ताच सांगा’ हेही विचारून टाका. आधार आणि रेशनकार्ड पिशवीत टाकून निघा.

वाचून घरी आल्यावर

बरेच जण वाचतात, वेळेत पोचलेले तर नक्कीच जास्त. पण घरी आलेला माणूस पूर्वीचा नसतो, निदान काही महिने तरी. जिना चढताना पाय थरथरतात, केस गळतात, झोप लागत नाही, हिशेब चुकतात, रडू येतं. घरच्यांना वाटतं की हा आता आळशी झाला. तसं नसतं, सेप्सिसनंतर हे होतं आणि हळूहळू निवळतं. पण परत इन्फेक्शन होऊन भरती व्हायचा धोका पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड देवघराच्या खणात न ठेवता हाताशी ठेवा, त्यावर सेप्सिस हा शब्द लिहिला आहे का बघा, नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढच्या तापाला ज्या कुणाकडे जाल, त्याच्या टेबलावर आधी ते कार्ड ठेवायचं आहे.